आमची गल्ली श्रीमंत ठरली

६ जानेवारी

धाकट्या,

आधी तोंड गोड कर. आपली गल्ली श्रीमंत झाली! थट्टा नाही, सरकारी शिक्क्यानिशी झाली. नगरपालिकेच्या फळ्यावर कागद लागलाय. ‘सदर वस्ती वंचित गटात मोडत नाही. राहणीमान समाधानकारक.’ चष्मेवाल्या काकूंनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘अगं, हे आपल्याबद्दलच आहे ना?’

दीड वर्षानं ताईचं पत्र आलं आणि तेही असलं, म्हणून कपाळाला आठी घालू नकोस. फोन केला तर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस. शिवाय आपल्या घरात फोनवर बोललं की भिंतीपलीकडून आईला सगळं ऐकू जातं. पत्राचं तसं नाही. ती समोर बसून दप्तराला पट्टे लावतेय आणि तिला वाटतंय, मी व्यापाऱ्याला माल किती तयार आहे ते कळवतेय.

मुद्द्यावर येते. तुमच्या खात्याची ती शेडची योजना आहे ना, वंचित वस्त्यांसाठी? सामाईक शेड, थ्री फेज वीज, कापड कापायचं मोठं मशीन, भाडं भरा आणि काम करा. ही योजना ऐकली तेव्हा मी खरंच नाचले होते रे. फुकट वाटप म्हटलं की आपल्या गल्लीला राग येतो, पण भाडं भरायचं म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले. तू असताना होती तशीच मरतुकडी वीज आहे अजून. समोर मशीन चालू झालं की आमचं कण्हायला लागतं. म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात. सकाळी समोरची ओळ शिवते, दुपारी आमची. हात मोकळे, मशीन मोकळं, गिऱ्हाईक दारात, आणि आम्ही बसलोय पाळीची वाट बघत! आता शाळांच्या दप्तरांचं मोठं काम आलंय. व्यापारी स्पष्ट म्हणाला, ‘शेड झाली तर काम तुमचं. नाहीतर मला दुसरी वस्ती बघावी लागेल.’ त्याचंही खरं आहे, त्याला शाळा उघडायच्या आत माल हवा.

आणि आम्ही श्रीमंत निघालो! कारण सांगते, पण हसायचं नाही. सर्वेवाली पोरगी आली होती. चांगली होती बिचारी, उन्हानं लाल झालेली. घरोघरी जाऊन विचारायची, बसायला काय आहे, पंखा आहे का, पाहुण्याला काय देता. आता तूच सांग, परकं माणूस दारात आल्यावर आपल्या गल्लीतलं कोण म्हणेल, ‘नाही हो, आमच्याकडे काही नाही’? सगळ्यांनी सांगितलं, आमचं सगळं आहे. बसायला सोफा दिला. हो, प्रत्येक घरात सोफा. निळा. गल्लीतल्या कुणीतरी एकच सोफा मागच्या बोळातून तिच्या पुढे पुढे नेला म्हणे. असतात एकेक अतिशहाणे.

तू तिथे मोठ्या खुर्चीवर आहेस. मला वशिला नको. फक्त एवढं सांग, फेरसर्वे होतो का आणि कसा होतो? लवकर सांग, जिवाला घोर लागलाय.

तुझी ताई


१७ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं आणि मी उडीच मारली. चार पानं! तुला लिहिता येतं हे मी विसरले होते. तू म्हणतोस, वस्तीनं हरकत नोंदवली तर फेरसर्वे होतो, महिनाअखेर मुदत आहे. स्वतःचं घर त्या गल्लीत म्हणून आमच्या फाइलीला तू हात लावणार नाहीस, तसं वर लेखी कळवलंयस. शाबास! असाच राहा. इथे काकू म्हणाल्या, ‘इतका सरळ निघाला? मग उपयोग काय त्याचा?’ मी म्हटलं, काकू, तुम्हीच वाढवलाय त्याला अर्धा.

तुझ्या पत्रातला ‘वगळणुकीची चूक’ हा शब्द मी इस्त्रीवाल्याला वाचून दाखवला. ज्याला मदत मिळायला हवी तो यादीबाहेर राहतो, ती वगळणुकीची चूक. तो म्हणाला, ‘म्हणजे आमच्या लग्नात जेवायच्या वेळी माझं झालं होतं ते.’ आणि दारिद्र्यरेषेचं तू एवढं समजावलंस, तर शेजारची म्हातारी विचारते, ‘ती रेषा आपल्या गल्लीत नेमकी कुठून जाते? माझ्या मोरीतून गेली तर मला चालणार नाही, आत्ताच फरशी बसवलीये.’

पण तू मला झापलंस तेही वाचलं बरं का. ‘माणसं खोटं बोलतात आणि मग आम्ही केलेली धोरणं चुकतात.’ अरे वा रे साहेब! खोटं कसलं? पाहुणा आला की आपण चांगली चादर काढतो, ते खोटं असतं का? ती पोरगी कागद घेऊन आली, पण आली दारात, आणि दारात आलेली ती पाहुणीच. घरात काय नाही ते पाहुण्याला सांगणाऱ्या माणसाला तूसुद्धा नावं ठेवली असतीस.

बरं, आता आढेवेढे घेत नाही. तो निळा सोफा आपला होता. उरलेल्या दप्तराच्या कापडाचं कव्हर मीच शिवलंय त्याला, झकास दिसतो. आणि कल्पनाही माझीच. आपल्या घरातून ती पोरगी उठली आणि पुढच्या घरी जायला निघाली, तेव्हा मला आठवलं की काकूंकडे बसायला नुसतं पत्र्याचं पिंप आहे. मी इस्त्रीवाल्याला डोळा मारला. काकूंच्या पुढच्या दारी ती चहा पीत होती तोवर आम्ही मागून सोफा घुसवला. मग हे बघून तिसऱ्या घरातून निरोप, आमच्याकडेही पाठवा! मग काय, लाजच सोडली आम्ही. शेवटी शेवटी तर तिचा चहा पिऊन जीव मेटाकुटीला आला होता आणि आमचा सोफा उचलून. मला मेलीला काय ठाऊक की सर्वेत सोफ्याला गुण असतात आणि तेवढ्यानं शेड जाते!

आता खरी पंचाईत ऐक. काल काकूंच्या अंगणात सगळे जमलो. तू पाठवलेला नमुना मी वाचून दाखवला. ‘आम्ही खाली सही करणारे गरीब कुटुंबांतील रहिवासी...’ एवढं वाचलं आणि आई उठली.

‘कोण गरीब?’

मी म्हटलं, ‘आई, तो सरकारी शब्द आहे. असाच लिहायचा असतो.’

‘तू लिही. मी सही करणार नाही. आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही. दुसऱ्याचं एक बटण घरात ठेवलं नाही. आणि आता म्हातारपणी गरीब म्हणून सही करू?’

इस्त्रीवाला म्हणाला, ‘मावशी, शेड मिळतेय हो!’

‘शेड हवीच आहे मला. तुझ्यापेक्षा जास्त हवीये. पण हा शब्द नको.’

झालं! आई बसली आणि पेन फिरलंच नाही. तुला माहितीये आपली गल्ली. आईनं नाही म्हटलं की कुणाची छाती होत नाही. काकू हळूच म्हणाल्या, ‘खरंय तिचं. माझ्या सुनेच्या माहेरी कळलं तर?’ सगळे कागदाकडे पाठ करून उठले.

तुला कारण कळलंय, माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. टीव्हीवरच्या त्या मुलाखतीत तू कोट घालून बसला होतास आणि म्हणालास, ‘मी अत्यंत गरीब घरात वाढलो.’ गल्लीतल्या झाडून सगळ्यांना आईनं बोलावलं होतं तुला बघायला. तिनं उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, ‘चहा घेऊन जा सगळ्यांनी.’ त्या दिवसापासून तो शब्द या घरात कुणी काढत नाही, आणि तुझं नावही नाही. हे तुला फोनवर कधी सांगितलं नाही मी. तुला वाटायचं ती रुसलीये. ती रुसलेली नाही रे, तिला लागलंय.

मुदत महिनाअखेर. माझं डोकं चालेनासं झालंय.

ताई


२४ जानेवारी

धाकट्या! धाकट्या! धाकट्या!

झाल्या सह्या! सगळ्या गल्लीच्या! आईची पहिली!

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नीट बस आणि वाच. झालं असं. सकाळची वेळ, समोरच्या ओळीची पाळी. आमचं मशीन बंद. आई रिकामी बसली होती आणि रिकामी बसली की ती कशी होते ते तुला माहितीये. भांडी आपटणं चालू होतं. तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस आला, ‘मावशी, पट्ट्यांचा माल झाला का?’ आणि आई कडाडली, ‘कसा होणार? हात आहेत, मशीन आहे, कापड आहे, सगळं आहे. विजेवाचून अडलंय! मेलं सगळं काम अडून पडलंय!’

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, ‘आई, हे लिहू का?’

‘काय?’

‘आमचं काम अडलंय, असं. गरीब नाही लिहिणार. अडलंय लिहीन.’

ती म्हणाली, ‘अडलंय हे खरं आहे. ते लिही. अडतं कुणाचंही. राजाचंही अडतं.’

मी तशीच उठले, नमुना फाडला आणि नवा अर्ज केला. ‘आम्ही खाली सही करणारे दप्तरं शिवतो. आमचं काम अडलंय ते असं.’ आणि मग एकेक घर बोलायला लागलं आणि मी लिहायला. बापरे, काय काय निघालं! ‘आमचं सगळं आहे’ म्हणणाऱ्या काकूंचं मशीन गेल्या पावसापासून बंद, दुरुस्तीवाला गल्लीत यायला तयार नाही. शेजारच्या म्हातारीला दिसत नाही, म्हणून तिची सून एकटी दोघींचं शिवते. इस्त्रीवाला कोळशावर इस्त्री करतो कारण विजेची लावली की अर्ध्या गल्लीचे दिवे जातात, आणि आम्ही समजत होतो की त्याला कोळशाचा वास आवडतो! वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आणि कुणाला कुणाचं ठाऊक नव्हतं. काय आहे विचारलं की सगळे सोफा दाखवतात. काय अडलंय विचारलं की थांबतच नाहीत.

अर्ज नगरपालिकेत दिला. बाबू म्हणाला, ‘यात गरीब हा शब्द नाही.’ मी म्हटलं, ‘नाहीये. हरकत घ्यायला तो लागतो असं कुठे लिहिलंय दाखवा.’ त्यानं नियम चाळले, वरच्याला विचारलं, परत चाळले. नाही सापडलं! पोच घेतली आणि रस्त्यानं गात गात आले, लोक बघत होते.

आता तुझ्या बाजूचं लिही. तू म्हणाला होतास की प्रश्नावलीतला तो सोफा-पंख्याचा भाग बदलावा म्हणून तू दोन वर्षं डोकं फोडतोयस आणि तुझे वरचे ऐकत नाहीत. अजून नाही ऐकत? त्यांना एकदा आपल्या गल्लीत चहाला पाठव.

तुझी, आनंदानं वेडी झालेली,
ताई


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी काकूंच्या गळ्यातच पडले. तर मग बदलला प्रश्न, सोफा-पंख्याऐवजी ‘काय अडलंय’! आपल्या एकट्या गल्लीसाठी नाही, सगळ्याच फेरसर्वेत. हे बरं केलंस, नाहीतर लोक म्हणाले असते घरचं बघितलं. तू म्हणतोस की तुझ्या वरच्यांनी बैठकीत विचारलं, ‘हा अडलंय शब्द शास्त्रीय आहे का?’ आणि तू म्हणालास, ‘नाही, पण लोक त्याला खरं उत्तर देतात.’ तेवढ्यावरून तुझी खुर्ची गेली असती तर? मला घाम फुटला वाचताना.

परवा फेरसर्वे झाला. तीच पोरगी. तिला लांबून येताना बघितलं आणि गल्लीत नुसती धांदल. आणि आपली माणसं बघ, एकदा सोफा दाखवून फसली म्हणून यावेळी सगळ्यांनी घरं रिकामी केली! इस्त्रीवाल्यानं पंखा काढून पलंगाखाली सारला. काकू फाटकं लुगडं नेसून दारात कण्हत बसल्या. शेजारच्या सुनेनं तर भांडीसुद्धा लपवली.

आईनं बघितलं मात्र आणि तिचा पारा चढला. दारोदार फिरली. ‘पंखा लाव तो परत. काकू, तुम्ही ते लुगडं बदला, शोभतं का? त्या वेळी नसलेलं दाखवलंत, आता असलेलं लपवता? नाटक कंपनी आहे का ही?’ ती पोरगी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. मला वाटलं, संपलं आता, गेली शेड!

ती आपल्याच घरी आली आधी. सोफ्याकडे बघितलं आणि गालात हसली. ‘हा ओळखीचा वाटतो,’ म्हणाली. माझं तोंड लाल. मग तिनं कागद काढला. ‘मावशी, तुमचं काय अडलंय?’

आईनं तिला हाताला धरून मशीनपाशी नेलं. ‘शिव,’ म्हणाली. पोरगीनं पायानं दाबलं. बरोबर त्याच वेळी समोर कुणीतरी मशीन लावलं आणि आमचं घुर्र करून बसलं. सुई कापडात अडकली. आई म्हणाली, ‘हे बघ. मी सांगायची गरजच नाही.’ पोरगीनं दोनदा, तीनदा दाबून बघितलं, मग चिडून म्हणाली, ‘असं रोज?’ आणि तेव्हा मला कळलं की आपण जिंकलो. ती चिडली ना रे! आपल्या कामासाठी परकी पोरगी चिडली.

मग ती घराघरात बसली. यावेळी कुणी काही सजवलं नाही, कुणी काही लपवलं नाही. काकू तर इतकं बोलल्या की तिला दुसरा कागद घ्यावा लागला. चहा मात्र प्रत्येक घरी प्यावाच लागला तिला, त्याला इलाज नाही.

निकाल कधी? झोप नाही मला.

ताई


११ मार्च

धाकट्या,

मंजूर! मंजूर! मंजूर!

फळ्यावर कागद लागला आणि इस्त्रीवाला तिथून धावत आला, वाटेत चप्पल तुटली तर अनवाणी धावत आला. गल्लीच्या तोंडाशीच ओरडला, ‘शेड आली!’ सगळी बाहेर. पाळी-बिळी काही नाही, सगळ्यांनी एकदम मशीन लावली आणि दिवे गेले, आणि त्या अंधाऱ्या घरांतून सगळे हसतायत! काकू रडत होत्या. मी रडत होते. व्यापारी स्वतः आला. म्हणाला, पाया खणायला लागले की काम देतो. नगरपालिकेची माणसं जागाही दाखवून गेली, जुन्या वखारीच्या मागची. आज सकाळी आई तिथे जाऊन उभी राहिली आणि कुणाचं मशीन कुठे लागणार ते चुन्यानं आखून आली. इंजिनिअर अजून यायचाय, पण आईचं ठरलंय.

आता एक वेगळीच गोष्ट. हे सगळं मी लिहीत होते तर आई येऊन समोर बसली. मला म्हणाली, ‘व्यापाऱ्याला एवढं काय लिहायचं असतं गं, दोन महिने?’ आणि लगेच म्हणाली, ‘मला ठाऊक आहे कुणाला लिहितेस. खाली जागा ठेव. मी सांगते तसं लिही, एक अक्षर बदलू नकोस.’ तर आता जे येतंय ते तिचं. मी फक्त लिहितेय.

‘बाळा,

शेड आली. तुमच्या खात्यानं बरं काम केलं. त्या पोरीला सांग, तिला दप्तर शिवून ठेवलंय.

टीव्हीवर तू बोललास ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. घरात काय होतं आणि काय नव्हतं, ते तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. ते घर मी चालवत होते. तुझे बूट फाटले तेव्हा दप्तराच्या कापडाचे तुकडे आतून कुणी लावले? तुझ्या वर्गात तुझं दप्तर सगळ्यात देखणं होतं, मास्तर दुसऱ्या पोरांना दाखवायचे. ते का नाही सांगितलंस? तू म्हणालास गरीब, आणि मला वाटलं, माझं पोरगं सगळ्या जगाला सांगतंय की त्याला कुणी नव्हतं. मी असताना तू गरीब कसा रे?

तू सरकारी माणूस. तुमच्याकडे या शब्दाचा काही वेगळा अर्थ असेल. असू दे. मला एकदा नीट समजावून सांग, मी ऐकेन. मीही तुला माझा सांगेन, तोही तू ऐक.

पण उत्तर पत्रानं पाठवू नकोस. तुझी पत्रं तुझी ताई रात्री पुटपुटत वाचते, तिला वाटतं मी झोपलेय. आणि ‘आईला सांग’ असं जिथे येतं, तिथे ती अडखळते आणि पुढचं गाळून टाकते. मला ते गाळलेलं ऐकायचंय. तुझ्या तोंडून.

आई’